नव्वद फुटांचा हिशेब

पावसाळ्यात सांगलीत कुणी नुसते ‘किती फूट?’ असे विचारले, तर तो प्रश्न आयर्विन पुलाखालच्या पाण्याचा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात, आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्याही वर गेले तेव्हापासून तर ते कुणी विसरेल अशी शक्यताच उरलेली नाही. माझ्या घरात मात्र गेली दोन वर्षे या प्रश्नाला आणखी एक अर्थ आहे आणि तो बारा महिने विचारला जातो. सकाळी साडेसहाला चहाचा कप हातात घ्यावा, तोच फोन वाजतो आणि त्यावर एवढेच लिहिलेले असते : “मामा, ३,४१२.” हे फूट पाण्याचे नसून वेगाचे असतात. एका सेकंदात इतके फूट.

भाचा अमेरिकेत मोंटाना राज्यात राहतो. तिकडची संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. नोकरी संगणकाची, पण जीव अडकला आहे तो घरामागच्या शेडमधल्या एका टेबलात, ज्यावर तो काडतुसे स्वतःच्या हाताने भरतो. तिकडे हा रीतसर छंद आहे. पितळी पुंगळ्या, बंदुकीची दारू, ती पेटवणाऱ्या टोप्या आणि गोळ्या दुकानात सुट्या मिळतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय असे काही करणे हा गुन्हा आहे, आणि ते तसेच असावे असे माझेही मत आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही येतात, म्हणून मागच्या दिवाळीत तो येणार होता तेव्हा मी त्याला बजावून सांगितले होते की बॅगेत एक रिकामी पुंगळीसुद्धा चुकून राहता कामा नये. सांगताना मनातून वाईट वाटत होते, कारण ती पुंगळी माझ्या मायक्रोमीटरखाली धरून बघण्याची इच्छा त्याच्यापेक्षा मलाच अधिक होती.

माझी चौतीस वर्षे एका कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. कातकाम होऊन आलेला भाग मापात बसतो की नाही हे सांगायचे आणि बसत नसेल तर परत पाठवायचा, एवढेच काम. रायफल मी आजतागायत हातात धरलेली नाही. तरीही भाच्याच्या उद्योगात मी ओढला गेलो, याचे कारण त्याने पहिल्याच फोनवर उच्चारलेला एक शब्द : गो-नो-गो गेज, म्हणजे भाग मापात बसतो की नाही एवढेच सांगणारे माप. रायफलीच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, काडतूस नेमके किती खोल बसते ते तपासायला याच नावाची गेजे वापरतात हे ऐकले, आणि परक्या गावात आपल्या भावकीतला माणूस भेटावा तसे झाले.

त्याला बनवायचे होते ते ‘वाइल्डकॅट’ काडतूस. कोणत्याही कारखान्याने प्रमाणित न केलेले, हौशी माणसाने किंवा एखाद्या बंदूक-कारागिराने प्रचलित पुंगळीचा आकार बदलून घडवलेले काडतूस म्हणजे वाइल्डकॅट. तासगावकडच्या माणसाला हे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. द्राक्षाच्या बागेत खाली खुंट डॉगरीजचा असतो, कारण त्याला क्षार आणि पाण्याचा ताण सोसतो. वर कलम आपल्याला हव्या त्या वाणाचे. काडतुसाचेही तसेच आहे. बूड आणि अंग एका जुन्या, भरवशाच्या काडतुसाचे ठेवायचे आणि वर मान आवळून त्यात दुसऱ्याच जाडीची गोळी बसवायची. अमेरिकी सैन्याने १९०६ मध्ये स्वीकारलेले थर्टी-ओ-सिक्स हा या बागेतला असाच एक जुना खुंट म्हणावा लागेल. त्याची मान ०.२५७ इंचाच्या गोळीसाठी आवळली की झाले ट्वेंटीफाइव्ह-ओ-सिक्स. १९२० च्या सुमारास नीडनर नावाच्या कारागिराने हे केले होते. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे ते रानातच राहिले, आणि १९६९ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते स्वीकारले तेव्हा कुठे त्याला सातबाऱ्यावर नाव मिळाले. .२२-२५० या काडतुसाची कथाही अशीच. १९६५ पर्यंत ते वाइल्डकॅटच होते.

भाच्याने या ट्वेंटीफाइव्ह-ओ-सिक्सवर आणखी एक संस्कार करायचे ठरवले होते. पार्कर ओटो अ‍ॅकली नावाच्या गृहस्थांनी गेल्या शतकात अनेक काडतुसांचे अंग जवळजवळ सरळ उभे केले आणि खांदा ४० अंशांचा केला. मूळ पुंगळीचा खांदा साडेसतरा अंशांचा, म्हणजे उतरत्या छपरासारखा असतो. अंगाचा निमुळतेपणा काढला आणि खांदा उभा केला की पुंगळीच्या पोटात जागा वाढते, दारू जास्त मावते, वेग वाढतो. यातली मला भावलेली गोष्ट निराळी आहे. हा नवा आकार कोणत्याही साच्यात ठोकून काढत नाहीत. चेंबरच नव्या आकाराचा कापतात, त्यात कारखान्याचे साधे काडतूस घालतात आणि उडवतात. आतल्या दाबाने पितळ फुगते आणि चेंबरचा आकार घेऊन बाहेर पडते. मात्र जुने काडतूस नव्या चेंबरमध्ये सैल बसून चालत नाही. म्हणून चेंबर मूळ ‘गो’ मापापेक्षा चार थाऊ (इंचाचे चार हजारांश), म्हणजे एक दशांश मिलिमीटर, आखूड ठेवतात, जेणेकरून मानेच्या मुळाशी पुंगळी किंचित दाबली जाऊन घट्ट धरली जाईल. त्यासाठी नळी खोलून तिचे टोक थोडे कातून पुन्हा बसवावी लागते. भाच्याच्या कारागिराने हे सगळे बिनचूक केले होते. चार थाऊंची ही गोष्ट ज्या कुणाला प्रथम सुचली त्याला माझ्या तपासणी विभागात मी बिनबोभाट नोकरी दिली असती.

पुंगळी हातात घेणे शक्य नाही म्हटल्यावर मी मिरजेतल्या एका लाकूड कातणाऱ्या कारागिराकडून दोन्ही आकारांच्या पाचपट मोठ्या लाकडी प्रतिकृती करून घेतल्या. त्याचे नेहमीचे काम सतार-तंबोऱ्याच्या खुंट्यांचे. नकाशा बघून त्याने विचारले, “एवढी मोठी खुंटी कुठल्या तंबोऱ्याची हो, काका?” फूटभराहून थोड्या जास्त उंचीच्या त्या दोन बाहुल्या आता दिवाणखान्यातल्या कपाटात शेजारी शेजारी उभ्या आहेत. एकीचे खांदे पडलेले, दुसरीचे ताठ. येणारे पाहुणे त्यांना तेलाच्या बाटल्या समजतात आणि मी ते दुरुस्त करत नाही.

मापांच्या बाबतीत हा छंद विलक्षण जुनाट आहे, आणि मला ते आवडले. गोळी आणि दारू अजूनही ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. भाच्याला हे माप अमेरिकेत गेल्यावर कळले, पण त्याच्या पणजीच्या पाटल्या याच मापात मोजल्या गेल्या होत्या हे त्याला ठाऊक नव्हते. कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळा ठरवला तो नेमका १८० ग्रेनचा, आणि चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा. थर्टी-ओ-सिक्समध्ये १८० ग्रेनची गोळी फार प्रचलित आहे. म्हणजे तिकडचा शिकारी मोठ्या हरणामागे बरोबर एक तोळा धाडतो. भाच्याची गोळी १०० ग्रेनची, अर्ध्या तोळ्याहून थोडी जास्त. त्रेपन्न गुंजा म्हणा. सराफाच्या काट्यावर ज्याने गुंज बघितली आहे त्याला दारूतला ग्रेनच्या दहाव्या भागाचा फरक महत्त्वाचा का, हे समजायला वेळ लागत नाही.

वेगाच्या मोजणीचा इतिहास मात्र मला नवा होता. १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने एक जड लोलक टांगला, त्याच्या लाकडी फळीत गोळी झाडली आणि लोलक किती मागे झुलला त्यावरून गोळीचा वेग काढला. डोळ्याला न दिसणारी गोष्ट तिच्या धक्क्यावरून मोजायची, ही कल्पना अडीचशेहून अधिक वर्षांनंतरही ताजी वाटते. आज भाच्याजवळ तळहाताएवढी रडारपेटी आहे. ती टेबलावर ठेवली की गोळीमागोमाग आकडा उमटतो. मोजणे इतके सोपे झाले की त्याचा अर्थ लावणे राहून जाते, असे मला पुढे अनेकदा वाटले.

पहिल्या हिवाळ्यात त्याने दहा काडतुसे भरली. प्रत्येकात आधीच्यापेक्षा ०.३ ग्रेन दारू जास्त. दहा गोळ्या, दहा वेग, आणि त्यांचा आलेख. आलेख वर चढत गेला होता, पण मध्ये एका ठिकाणी दोन-तीन बिंदू जवळजवळ आडव्या रेषेत आले होते. त्या सपाट जागेवर त्याने लाल गोल काढला होता आणि आनंदाने लिहिले होते की, मामा, जागा सापडली. इथे दारू थोडी कमी-जास्त झाली तरी वेग हलत नाही. तिकडे या सपाट जागेला मोठा मान आहे. अशी जागा शोधण्यासाठी माणसे शनिवारच्या शनिवार घालवतात.

मी त्याला विचारले, दारूचे वजन तेच ठेवून दहा गोळ्या झाडल्यास तर त्यांचे वेग एकमेकांपासून किती सरकतात? त्याने झाडून बघितल्या. प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून साधारण इकडेतिकडे होणे, सुमारे १२ फूट आले. हे चांगले होते. हाताने भरलेल्या काडतुसांत इतके येणे म्हणजे हात स्थिर आहे. मग मी कागद घेतला. दारूच्या एका पायरीने वेग सरासरी १८ फूट वाढतो. प्रत्येक गोळी स्वतःच्या लहरीने १२ फूट इकडेतिकडे होते, म्हणून शेजारच्या दोन गोळ्यांमधला फरक सुमारे १७ फूट इकडेतिकडे होणार. अशा स्थितीत दोन शेजारी बिंदूंत पाच फुटांहून कमी वाढ दिसण्याची, किंवा उलट घटच दिसण्याची, शक्यता साधारण पाचात एक आहे. दहा बिंदूंमध्ये नऊ फटी. म्हणजे कोणतीही सपाट जागा मुळात नसली तरी प्रत्येक आलेखात सरासरीने दोन सपाट जागा दिसणारच. त्याला दिसली ती त्यांपैकी एक.

तो नाराज झाला, हे आवाजावरून कळले. पण तो हट्टी असला तरी खोटारडा नाही. त्याने पुढच्या दोन रविवारी तीच दहा वजने पुन्हा भरली आणि झाडली. तिन्ही आलेखांत सपाट जागा होत्या आणि तिन्हींत त्या वेगवेगळ्या ठिकाणी होत्या. तिन्हींची सरासरी काढली तेव्हा बिंदू मुकाट्याने एका सरळ रेषेत येऊन बसले.

अशीच दुसरी भूल तीन गोळ्यांची. “तीन झाडल्या, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वेगात फरक फक्त ८ फूट!” आमच्या तपासणी विभागाच्या भिंतीवर एक तक्ता टांगलेला असे. पाच-पाच नगांचे नमुने घेऊन त्यांतल्या कमाल-किमान फरकावरून यंत्राची एकूण चंचलता काढायची, त्याचे गुणक त्यावर छापलेले होते, आणि निवृत्तीनंतर पत्ते विसरलो तरी ते गुणक मी विसरलेलो नाही : तीन नगांना १.६९, पाचांना २.३३, दहांना ३.०८. म्हणजे १२ फूट विचलनाच्या काडतुसांत तीन गोळ्यांमधला फरक सरासरी २० फूट यायला हवा आणि दहा गोळ्यांमधला ३७. तीन गोळ्यांत ८ फूट येणे अशक्य मुळीच नाही. आठ-नऊ वेळा झाडल्यावर एकदा ते आपोआप येते. माणूस त्या एका वेळेचा फोटो काढतो आणि उरलेल्या आठ वेळा वाऱ्यावर ढकलतो. कारखान्यातही मी हेच पाहिले होते. चांगले माप आले की ते यंत्राचे, वाईट आले की ते मोजणाऱ्याचे.

इथवर सगळे गमतीचे होते, कारण यात कुणाचे नुकसान होत नव्हते. खरा वाद पुढे झाला, तो ३,४३० वरून.

फेब्रुवारीत एका सकाळी निरोप आला की काडतूस तयार आहे, १०० ग्रेनच्या गोळीला ३,४३० फूट वेग मिळतो आहे आणि दाबाची एकही खूण दिसत नाही. कारखान्याचे साधे ट्वेंटीफाइव्ह-ओ-सिक्स त्याच वजनाच्या गोळीला सुमारे ३,२३० देते. दोनशे फूट जास्त! तो हवेत होता. ‘चौतीसशे’ या शब्दातच काहीतरी आहे. त्याचा आवाज बदलला होता. वेगाच्या आकड्याची ही मोहिनी नवी नाही. चार्ल्स न्यूटनने सॅव्हेज कंपनीसाठी एक काडतूस रचले तेव्हा त्याच्या मनात १०० ग्रेनची गोळी होती. पण जाहिरातीत तीन हजारांचा आकडा यावा म्हणून कंपनीने गोळी ८७ ग्रेनवर आणली आणि १९१५ मध्ये काडतुसाच्या नावातच ‘३०००’ घालून टाकले. नावातला आकडा खरा होता, पण त्यासाठी गोळीला रोडावावे लागले.

मी भाच्याला म्हणालो, “दोनशे फूट आले, ठीक. कुठून आले त्याचा जमाखर्च मांडू.” त्याला वाटले मी पुन्हा संख्याशास्त्र काढणार. पण हा हिशेब किराणा दुकानातला होता.

पहिली जमा पुंगळीच्या वाढलेल्या पोटाची. जुनी आणि नवी अशा उडवलेल्या पुंगळ्या पाण्याने भरून वजन करायला मी त्याला आधीच सांगितले होते. पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाक म्हणजे वरची साय फुगणार नाही, हेही सांगितले होते. नव्या पुंगळीत सरासरी ७ टक्के पाणी जास्त मावले. आता या विद्येतला एक जुना, अनेकांनी ताडून पाहिलेला ठोकताळा असा की, दाब तेवढाच ठेवला तर पोट जितके टक्के वाढते त्याच्या सुमारे एक चतुर्थांश टक्के वेग वाढतो. सातचा चौथा हिस्सा पावणेदोन. ३,२३० चे पावणेदोन टक्के म्हणजे सुमारे ५७ फूट. चेंबर कापणाऱ्या नव्या रीमरची, नळी खोलण्याची, पितळ फुगवण्याची सगळी यातायात एवढ्या ५७ फुटांसाठी होती. दुसरी जमा नळीच्या लांबीची. कारखान्याचा आकडा २४ इंचांच्या नळीचा आणि भाच्याची नळी २६ इंचांची; इंचाला पंचवीस धरले तर ५० फूट. बेरीज ३,३३७. मग वरचे ९३ फूट कोणी दिले?

तो म्हणाला, कारखाने भित्रे असतात, ते कमी भरतात. मी म्हणालो, असतील, पण त्यांच्याजवळ दाब मोजण्याची नळी आहे आणि तुझ्याजवळ नाही. भिऊन वागायला त्यांच्यापेक्षा तुला जास्त कारण आहे. या काडतुसाची मान्य कमाल मर्यादा चौरस इंचाला ६३,००० पौंड आहे. आपल्या स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो तो पंधराच्या आसपास. म्हणजे चार हजार कुकरांचा दाब एका बोटाएवढ्या पितळेत, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या वेळात. धूरविरहित दारूचा स्वभाव असा की दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. त्यामुळे शेवटी शेवटी वेग एक टक्का वाढवायला दाब दोन-अडीच टक्के किंवा त्याहूनही जास्त मोजावा लागतो. ९३ फूट म्हणजे पावणेतीन टक्के वेग. ढोबळ धरले तरी सहा-सात टक्के दाब मर्यादेच्या वर. ४० अंशांच्या खांद्याने दाब कमी होतो असे तिकडे कित्येकांना वाटते. खांद्याने पुंगळी कमी लांबते हे खरे, पण दाब खांद्याकडे बघून वाढत किंवा कमी होत नाही.

“पण खुणा नाहीत ना, मामा,” तो म्हणाला. चेंबर मागून बंद करणारा बोल्ट सहज उघडतो, टोपी चपटी झालेली नाही, बुडावर चकचकीत डाग उमटलेला नाही. या तिन्ही खुणांवर त्याचा भरवसा होता, आणि इथे मला आयर्विन पूल आठवला. पुंगळीचे पितळ आणि बोल्टचे पोलाद दोन्ही लवचीक आहेत; मर्यादा ओलांडली की लगेच ते ओरडत नाहीत, बरेच पुढे गेल्यावर ओरडतात. उंबऱ्यावर पाणी आले तेव्हा पूर आला असे म्हणणारा माणूस सांगलीत टिकणार नाही. इथे घरातले सामान हलवायचे ते उंबऱ्याकडे बघून हलवत नाहीत; पुलाच्या खांबावरचा आकडा बघतात, कोयनेतून किती पाणी सोडले ते बघतात आणि आपल्या गल्लीत रस्ता कोरडा असतानाच कपाटे माळ्यावर चढवतात. घट्ट झालेला बोल्ट म्हणजे उंबऱ्यावरचे पाणी. तुझा पुलावरचा आकडा म्हणजे वेग. दाब मोजता येत नसेल, तर वेगाचा हिशेब लागतो का ते बघ. जो वेग पोटाच्या आणि नळीच्या खात्यात बसत नाही, तो दाबाच्या खात्यात जातो, तिसरे खाते नाही.

हे मी म्हटले खरे, पण त्याला पटले नाही. दूरवरून, कधी रायफल न झाडलेल्या मामाने पुराचे दाखले द्यावेत हे त्याला थोडे लागलेही असावे. नंतरचे चार महिने ‘किती फूट’चे निरोप आले नाहीत; पाऊस कधी, आंबे कसे, एवढेच.

जुलैत आमच्याकडे कृष्णेची पातळी चढत होती आणि मोंटानात ३५ अंशांचे ऊन होते. त्याने फेब्रुवारीत, उणे दहा अंशांत तयार केलेली काडतुसे गाडीत पुढच्या काचेखाली तासभर पडली होती. दारू तापली की जलद जळते. किती, ते दारूच्या जातीवर असते. पहिल्या गोळीला रडारने ३,४८७ दाखवले. दुसऱ्या गोळीनंतर बोल्ट उघडेना. रबरी हातोडीने ठोकून उघडला तेव्हा पुंगळीबरोबर तिची टोपी सुटून खाली पडली. बूड फुगून टोपीचा खड्डाच सैल झाला होता. त्याला काही झाले नाही, रायफललाही नाही. या बनावटीचे पोलाद याहून पुष्कळ जास्त सोसते. त्याने फोटो पाठवला आणि खाली एकच शब्द लिहिला होता : “उंबरा.”

मी त्यावर काहीही बोललो नाही. हिला दाखवला तर ती म्हणाली, त्या पोराला म्हणावे हरणांच्या मागे लागण्यापेक्षा लग्नाचे बघ. हिचा या सगळ्याला पहिल्यापासून विरोध आहे. त्याच्या फ्रीजमध्ये काय असते हे तिने एकदा विचारले होते, त्यानंतर ती तो विषय काढत नाही.

पुढचे काम त्याने स्वतः केले. दारू कमी करत करत तो गरम दिवशी ३,३४० च्या जवळ आला आणि तिथे थांबला. ध्वनीच्या वेगाच्या जवळजवळ तिप्पट. गवताळ माळावरच्या प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्यासाठी हे पुरेसे नाही असे कुणीही म्हणणार नाही. दहा गोळ्यांचे विचलन ११ फूट. नव्वद फूट सोडून दिल्याबद्दल त्याला मोबदला मिळाला, तो पितळेच्या आयुष्यात : तीन-चार वेळा भरून टाकाव्या लागणाऱ्या पुंगळ्या आता आठ-आठ वेळा चालतात.

नळीचे आयुष्यही थोडे वाढेल, पण तो विषय निघाला की मला हसू येते. इतक्या वेगाच्या काडतुसात दारूचा ज्वाळ नळीच्या घशातले पोलाद जाळत जातो. दोन हजार गोळ्या झाल्या की अचूकपणा ढळू लागतो आणि नळी बदलावी लागते. गोळी नळीत असते ती दर वेळी सेकंदाचा सुमारे हजारावा भाग, फार तर थोडा जास्त. दोन हजारांनी गुणा. नळीने आपले सगळे काम सव्वादोन-अडीच सेकंदांत उरकलेले असते. मी कारखान्यात अशी यंत्रे पाहिली आहेत जी चाळीस वर्षे चालली आणि अशीही, जी कधी चाललीच नाहीत, पण एकूण अडीच सेकंद काम करून सन्मानाने निवृत्त होणारा लोखंडाचा तुकडा मला दुसरा माहीत नाही. त्या अडीच सेकंदांसाठी भाच्याची दोन वर्षे, दोन हिवाळे आणि माझ्या तीन वह्या लागल्या.

गेल्या महिन्यात त्याची दारू संपली. त्याच नावाचा, त्याच कंपनीचा नवा डबा आणला. डब्यावर घाण्याचा क्रमांक मात्र वेगळा. एका घाण्याची दारू दुसऱ्या घाण्यासारखी तंतोतंत जळत नाही, हे त्याला आता मी सांगावे लागत नाही. आधीचे वजन तसेच्या तसे न भरता तो दोन ग्रेन खाली उतरला आहे आणि तिथून पुन्हा पायऱ्या चढतो आहे. त्यानेच कळवले की पुंगळ्या नव्याने पाण्याने मोजल्या आहेत आणि साबणाचा थेंब टाकला होता.

आज सकाळी पहिल्या पायरीचे आकडे आले. ३,२४१, ३,२५८, ३,२४९. मी ते वहीच्या नव्या पानावर तारीख घालून उतरवून घेतले. त्याने विचारले, “मामा, कसे वाटतात?” तीनच आहेत, म्हणून मी अजून उत्तर दिलेले नाही.